बोरघाट चढतांना

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशास सह्याद्रीची ओळख करून देण्याचा मान फार जुन्या काळापासून बोरघाटाकडे आहे. कोंकण संपलें आणि देश लागला हें येथें नकाशा उघडून पाहावें लागत नाहीं. हवेंतील गारव्यावरून आणि वाहनाच्या बदललेल्या आवाजावरून तें आपोआप कळतें. पूर्वीं या चढावर बैलांच्या तोंडास फेंस येई, पुढें आगगाडीचें इंजिन वाफेचे लोट सोडी, आणि आज घरची मोटार कधीं कधीं बॉनेटखालून फुसफुसूं लागते. वाहनें बदललीं, पण चढ तोच राहिला. आणि चढावर वाहनाची खरी प्रकृति बाहेर पडते हा नियमही तोच राहिला. सपाट रस्त्यावर जें दुखणें कित्येक महिने अंगांत मुरून राहतें, तें घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर बोलूं लागतें.

घरांत कोणास ताप आला तर थर्मामीटर कोणत्या फडताळांत आहे हें आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. तापाबरोबर खोकला आहे कीं अंगावर पुरळ आहे, ताप सकाळीं चढतो कीं संध्याकाळीं, याची विचारपूस केल्यावांचून कोणी औषध देत नाहीं. गाडीस ताप आला म्हणजे मात्र शहाणीं माणसेंही एकदम घाबरीं होतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, मुळींच घाबरत नाहींत आणि गाडी तशीच पुढें दामटतात. या दोन टोकांच्या मधून एक वाट आहे. ती बोरघाटांत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल. म्हणून गेल्या वैशाखांतील आमच्या प्रवासाच्या निमित्तानें तिजविषयीं चार गोष्टी लिहीत आहों.

आम्ही उभयतां पहांटे ठाण्याहून निघालों. वेळ हाताशीं होता, म्हणून द्रुतगति महामार्ग सोडून जुन्या रस्त्यानें खोपोलीस आलों. २००२ सालीं पुरा झालेला तो सहापदरी महामार्ग घाईच्या माणसास सोयीचा खरा. पण घाटाची निवांत भेट घ्यावयाची तर ती खोपोलीच्या बाजूनेंच घ्यावी. येथें नाना फडणविसांनीं बांधविलेलें महादेवाचें देऊळ आणि मोठा तलाव आहे. घाटाच्या ऐन पायथ्याशीं पाणी असावें, चढण्यापूर्वीं माणसांनीं आणि जनावरांनीं तें पोटभर प्यावें, ही सोय किती मोलाची होती हें तलावाच्या काठीं उभें राहून वरच्या डोंगराकडे पाहिलें कीं पटतें.

सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, १८३० सालीं, या घाटांतून चाकांच्या गाड्यांस योग्य असा रस्ता खुला झाला. पुढें १८५६ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें घाटाचें काम हातीं घेतलें, आणि १८६३ सालीं आगगाडी घाट चढून वर गेली. त्यासाठीं २५ बोगदे खोदावे लागले, आणि कांहीं ठिकाणीं दर ३७ फुटांस एक फूट असा चढ ठेवावा लागला. एवढा चढ एकट्या इंजिनास पेलेना, म्हणून गाडीच्या पाठीशीं जादा इंजिनें जोडण्याची रीत पडली. १९२९ सालीं विजेचीं इंजिनें आलीं तरी ती रीत सुटली नाहीं. कर्जतेस गाडी थांबते ती कांहीं केवळ बटाटेवड्यासाठीं नव्हे! रुळांवरील बलाढ्य इंजिनासही जेथें मागून हात लावावा लागला, तेथें पांच माणसें, चार बॅगा आणि लाडवांचे डबे भरलेल्या आपल्या मोटारीनें थोडी कुरकुर केली तर नवल नाहीं.

या कुरकुरीमागचें गणित पाहण्यासारखें आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून फारशी उंच नाहीं. लोणावळें सुमारें ६२० मीटरांवर आहे. मधला चढ ५५० मीटर धरूं, आणि माणसांसामानासह गाडीचें वजन १५०० किलो धरूं. एवढें वजन एवढें वर उचलण्यास जितकें काम पडतें, तितक्या उष्णतेनें ३० अंशांचें सुमारें २७ लिटर पाणी उकळीस येईल. इंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलाची साधारण एकतृतीयांश शक्ति कामीं येते, एकतृतीयांश सायलेन्सरांतून बाहेर जाते, आणि उरलेली एकतृतीयांश मुख्यतः इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यास सोसावी लागते. म्हणजे गाडी वर चढविण्यास जेवढें काम लागलें, जवळजवळ तेवढीच उष्णता त्या पाण्यानें वाहून न्यावयाची. आणि तें पाणी लहान गाडींत अवघें पांच-सहा लिटर असतें. तें एकसारखें फिरत राहिलें आणि रेडिएटरच्या नळ्यांतून वारा खात राहिलें, तरच निभाव लागतो. पाणी कमी झालें, पंप थकला, पंखा बंद पडला किंवा रेडिएटरची जाळी चिखलानें बुजली, कीं हा हिशेब फिसकटतो. सपाटीवर हिशेबांत थोडी शिल्लक असते. घाट ती शिल्लक खाऊन टाकतो.

खोपोलीचा बाजार मागें पडला, दुसरा गेअर टाकावा लागला, तेव्हां आम्हीं एसी बंद करून खिडक्या खालीं केल्या. त्यानें इंजिनावरचा भार हलका होतो हा एक लाभ. आणि गाडीचें बोलणें ऐकूं येतें हा दुसरा. एका बाजूस उभा कडा असला म्हणजे आवाज त्यावर आपटून कानीं परत येतो, आणि शहराच्या गलबल्यांत कधीं न ऐकलेली बारीकशी तक्रारही येथें ऐकूं येते.

या तक्रारींची भाषा अवघड नाहीं. गाडी सुरू करतांच किंवा पावसाळी हवेंत इंजिनाच्या पुढच्या बाजूनें किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा सैल झाला किंवा झिजला असें समजावें. पुष्कळ गाड्यांत याच पट्ट्यानें पाण्याचा पंप फिरतो. तेव्हां किंचाळीबरोबर तापाचा काटाही चढूं लागला तर तो योगायोग नव्हे. ज्यास मिस्त्री लोक 'वॉटर बॉडी' म्हणतात त्या पंपाचें बेअरिंग गेलें म्हणजे घरघर लागते. ती इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते, आणि बहुधा पंपाखालीं पाण्याचे थेंबही दिसतात. डॅशबोर्डाच्या मागें माठांत पाणी ओतल्यासारखी खळखळ झाली तर नळ्यांत हवा शिरली आहे, म्हणजेच पाणी कमी झालें आहे. बारीक फुसफुस ही झांकणांतून किंवा रबरी नळीच्या चिरेंतून निसटणाऱ्या वाफेची असते.

चढावर पाय दाबतांच डब्यांत खडे हलविल्यासारखी बारीक खडखड होते, ती निराळी. तेथें इंजिनास भार सोसत नाहीं, पेट्रोल अवेळीं भडकतें. खालचा गेअर टाकून पाय हलका केला कीं ती बहुधा थांबते. न थांबल्यास मिस्त्रीस दाखवावें. शिवणयंत्रासारखी टिकटिक वाढली तर वंगणाची पातळी तपासावी. पण इंजिनाच्या पोटांतून जड हातोड्यासारखा ठोका येऊं लागला तर मात्र मुहूर्त, पाहुणे, पाऊस कांहीं न पाहतां गाडी तेथेंच बंद करावी. तो ठोका घेऊन गेलेली गाडी पुढल्या गांवीं पोंचेल, पण इंजिन पोंचणार नाहीं. याउलट गाडी उभी केल्यावर टिण्-टिण् असा आवाज येतो, तो तापलेला धातु निवत असल्याचा. किल्ली काढल्यावरही कांहीं गाड्यांचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो. या दोहोंस भिण्याचें कारण नाहीं. मात्र पंख्याजवळ बोटें नेऊं नयेत.

थोडें वर गेल्यावर शिंगरोबाचें देऊळ लागतें. शिंगरोबा नांवाच्या धनगरानें इंग्रज इंजिनियरांस घाटाची वाट दाखविली, आणि बक्षीस काय हवें असें विचारतां देशाचें स्वातंत्र्य मागितलें, म्हणून त्यास गोळी घालण्यांत आली, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले येथें क्षणभर थांबून नाणें वाहतात. या रिवाजामागें श्रद्धा आहेच. पण त्या निमित्तानें ऐन चढावर वाहनास थोडा दम मिळतो, चालकही खालीं उतरून एकवार चाकांकडे पाहतो, हेंही थोडें नव्हे.

देवळाच्या पुढें दोन वळणांवर एक मोटार कडेस उभी दिसली. बॉनेट उघडें होतें आणि आंतून वाफेचा पांढरा लोट निघत होता. बाजूच्या दगडावर एक वृद्ध आजी बसल्या होत्या. शेजारीं त्यांची सून आणि दोन लहान मुलें. सुनेचा पंचविशीचा मुलगा गाडी चालवीत होता. हातांत टॉवेल गुंडाळून तो रेडिएटरच्या झांकणाकडे वांकला होता.

आम्हीं गाडी थांबवून त्यास हटकलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा. झांकण काढतों, बाटलीभर पाणी ओततों आणि निघतों. चिंचवडला आत्याच्या मुलाची मुंज आहे. मुहूर्त अकरा चाळीसचा."

"अजून झांकणास हात लावूं नका," आम्ही म्हणालों.

"पण वाफ तर सगळी बाहेर चालली आहे!"

आम्ही कांहीं सांगणार तोंच दगडावरून आजींचा आवाज आला: "अरे, शिटी उतरल्याशिवाय कुकर उघडतोस का घरीं? तुझ्या आईचा हात कसा पोळला होता, आठवतो ना?"

नातवाचा हात तत्काळ मागें आला. आजींनीं जें एका वाक्यांत सांगितलें तेंच पदार्थविज्ञानाचें पुस्तकही सांगतें. उघड्या पातेल्यांत पाणी १०० अंशांस उकळतें. लोणावळ्याच्या उंचीवर त्याहून सुमारें दोन अंश आधींच. रेडिएटरचें झांकण आंतील दाब हवेच्या दाबाहून जवळजवळ तितकाच आणखी वाढूं देतें, आणि त्या दाबाखालीं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. अशा पाण्यावरचा दाब झांकण फिरवून एकदम काढला, तर त्यांतील बराच भाग क्षणांत वाफ होऊन उकळत्या पाण्यासह वर उसळतो. समोर वांकलेल्या माणसाचा चेहरा, डोळे आणि हात त्याच्या वाटेंत असतात. टॉवेलाची एक घडी तेथें काय करणार?

तो तरुण तसा समंजस होता. काटा तांबड्या रेघेस लागतांच त्यानें गाडी उभी करून इंजिन बंद केलें होतें, आणि निम्मी लढाई तेथेंच जिंकली होती. अशा वेळीं "वरपर्यंत नेऊं, मग पाहूं" असें म्हणून जे पुढें जातात, त्यांच्या इंजिनाचा ॲल्युमिनियमचा वरचा भाग उष्णतेनें वांकतो, खालचें हेड गॅस्केट जळतें, आणि पाण्याच्या नळीची किरकोळ दुरुस्ती सबंध इंजिन खोलण्यावर जाते. आणखी एक धोका असा कीं, पाणी अगदींच संपलें म्हणजे तापमान मोजणारा भाग उघडा पडून काटा कधीं कधीं एकाएकीं खालीं येतो. तो ताप उतरल्याचा दाखला समजूं नये.

वाफ नुसती दिसली म्हणून निदान होत नाहीं. ती कोठून येते, केव्हां येते आणि तिला वास कसला आहे, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. येथें ती रेडिएटरच्या वरच्या अंगानें येत होती. चढ लागल्यावर सुरू झाली होती. आणि तिला किंचित गोडसर वास होता. कूलंटचा वास असाच असतो. म्हणजे वाफ पावसाच्या पाण्याची नव्हती, आंतल्या पाण्याची होती. लांबूनच नीट पाहतां वरच्या रबरी नळीच्या टोंकाशीं, पट्टीलगत, हिरवट ओल आणि एक बारीक चीर दिसली.

चाळीस मिनिटें आम्ही सर्वांनीं कांहीं केलें नाहीं, आणि हेंच त्या वेळचें सर्वांत मोठें काम होतें. आजींनीं डबा उघडून सर्वांस दशम्या दिल्या. नळी दाबून मऊ लागली, तेव्हां जाड कापड घालून झांकण आधीं थोडें फिरविलें, उरलेली फुसफुस निघून जाऊं दिली, आणि मग काढलें. शेजारून जाणारा एक ट्रकवाला आपण होऊन थांबला. त्यानें पेंचकसानें पट्टी सैल केली, चिरलेलें टोंक दोन बोटें कापून टाकलें, आणि उरलेली नळी पुढें ओढून घट्ट बसविली. चीर टोंकाशीं होती म्हणून हें साधलें. मध्यें असती तर नवी नळीच हवी होती. इंजिन निवल्यावरच पाणी ओतलें, तेंही हळूहळू. कारण रसरसलेल्या धातूवर गार पाणी पडलें तर तो आकसून तडकतो. मग इंजिन सुरू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याची भर घातली. वंगणाची कांडी काढून पाहिली. तेल काळसर-तपकिरी होतें, दुधाळ नव्हतें. दुधाळ असतें तर पाणी तेलांत शिरलें असें ठरून गाडी दुसऱ्या वाहनानेंच ओढून न्यावी लागली असती.

मुहूर्त मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. आजोळची वडील माणूस मंडपांत नाहीं हें बरें दिसलें नसतें. आमच्या गाडींत जागा होती, म्हणून आजी व दोन्ही मुलें आमच्याबरोबर आलीं; मायलेक मागून सावकाश, एसी बंद ठेवून आणि काट्यावर नजर ठेवून, लोणावळ्याच्या मिस्त्रीपर्यंत येणार असें ठरलें.

जुना रस्ता पुढें द्रुतगति महामार्गास मिळतो. जेथें १८३० सालचा पूल होता, ज्यास पुढें लोक अमृतांजन पूल म्हणूं लागले, तेथें आतां मोकळें आकाश आहे. तो पूल एप्रिल २०२० मध्यें पाडण्यांत आला. तेथवर येतों न येतों तोंच वळवाची सर कोसळली, आणि पाहतां पाहतां आमच्याच बॉनेटमधून पांढुरक्या वाफा निघूं लागल्या.

"अहो, तुमचीही तापली वाटतें!" आजी म्हणाल्या.

आम्हीं काटा दाखविला. तो मध्यावर स्वस्थ होता. वास कसला येतो असें विचारलें. आजींनीं खिडकी किंचित खालीं करून हवा हुंगली आणि म्हणाल्या, "पहिल्या पावसाचा. दुसरा कांहीं नाहीं." केव्हां सुरू झालें? सर आल्यावर. मग प्रश्न उरलाच नाहीं. तापलेल्या रेडिएटरवर पावसाचे थेंब पडले म्हणजे त्यांची वाफ होणारच. थंडीच्या सकाळीं सायलेन्सरांतून पांढरा धूर दिसतो, तोही बहुधा असाच निरुपद्रवी. इंजिन ऊन झाल्यावर तो नाहींसा होतो. न होतां दाट राहिला, गोडसर वास आला आणि गाडी रोज पाणी पिऊं लागली, तर मात्र हेड गॅस्केटकडे संशय घ्यावा. उन्हाळ्यांत एसी चालू असतां गाडीखालीं पडणारें स्वच्छ, बिनवासाचें पाणी हें गळतीचें लक्षण नव्हे. रंगीत किंवा चिकट पाणी हें आहे.

आजी अकराच्या सुमारास मंडपांत पोंचल्या. मागची गाडी मुहूर्त टळल्यावर आली. पण ती आपल्या चाकांवर आली, आणि तीमधील माणसांच्या हातापायांस कांहीं इजा नव्हती. बटूच्या आईनें आधीं भावजयीचे हात पाहिले, मग पुतण्याचे, आणि मगच त्यांस पानावर बसविलें.

घाट उतरतांनाही गाडी बोलतेच. उतारावर जळकट वास आला कीं पुष्कळांस इंजिनाचा संशय येतो. परंतु तो बहुधा पुढल्या चाकांचा असतो, एकसारख्या दाबलेल्या ब्रेकांचा. ज्या गेअरांत घाट चढलों त्याच गेअरांत तो उतरावा ही जुन्या चालकांची शिकवण अजूनही खरी आहे.

या सगळ्यांत मोठी विद्या म्हणावी असें कांहीं नाहीं. निघण्याच्या दिवशीं सकाळीं, इंजिन थंड असतांनाच, कूलंटच्या टाकींतील पातळी पाहावी. तेलाची कांडी काढून पाहावी. पट्टा आणि नळ्या हातानें चांचपाव्या. रात्रीं गाडी उभी होती तेथें जमिनीवर कसला डाग पडला आहे कां, हें पाहावें. पांच मिनिटांचें काम आहे, आणि तें घरांतील कोणासही शिकवितां येतें. मोठ्या कुटुंबांत गाडी एकजण चालवितो, पण प्रवास सर्वांचा असतो. तेव्हां तिची भाषा एकट्या चालकासच कळावी हें बरें नव्हे. प्रवासाच्या आदल्या रात्रीं जसे डबे, पांघरुणें आणि औषधें मोजून घेतों, तशी सकाळची ही पाहणीही घरांतील एखाद्या मुलामुलीकडे नेमून द्यावी.